साथीतील शोक आणि शेजारधर्म

शोक हा रोग नव्हे. ज्या व्यक्तीभोवती आपले नित्य जीवन गुंफलेले असते, ती नाहीशी झाल्यावर मनाला नव्या स्थितीशी जुळवून घ्यावे लागते. या क्रियेसच शोक म्हणतात. झोप न लागणे, अन्नावरील वासना उडणे, गेलेल्या माणसाची चाहूल लागल्याचा भास होणे, ही तिची नेहमीची लक्षणे होत.

आपल्याकडे या क्रियेस समाजाचे साहाय्य मिळत आले आहे. अंत्यदर्शन होते, शेजारघरून पिठलेभात येतो, माणसे समाचारास येतात आणि तीच हकीकत पुनःपुन्हा सांगितली जाते. या सांगण्यातूनच घडलेली गोष्ट मनास हळूहळू खरी वाटू लागते.

कोविडच्या साथीत नेमके हेच साहाय्य तुटले. पूर्व दिल्लीतील मयूर विहारचे उदाहरण घेऊ. २०२१ च्या एप्रिल महिन्यात जवळच्या गाझीपूर स्मशानभूमीत जागा अपुरी पडून वाहनतळावरही चिता रचाव्या लागल्या. शहरात टाळेबंदी होती. अंत्यविधीस २० हून अधिक माणसांना मनाई होती. शेजारी दारापर्यंतही येऊ शकत नव्हते.

अशा वेळी काय करावे? प्रथम, खरी माहिती द्यावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० मधील सूचनांनुसार स्पर्श न करता मुखदर्शन घेण्यास मुभा होती आणि रक्षेपासून धोका नव्हता. भयापोटी अखेरचे दर्शन चुकल्यास ती रुखरुख दीर्घकाळ राहते.

दुसरे, दूरध्वनीवरून का होईना, ऐकून घ्यावे. ‘धीर धरा’ म्हटल्याने बोलणे खुंटते. ‘तेव्हा काय झाले?’ या प्रश्नाने ते मोकळे होते. ‘रोग घरात मीच आणला’ ही टोचणी अनेकांस असते. हा संसर्ग लक्षणे दिसण्यापूर्वीही पसरतो; म्हणून तो कोणाकडून आला हे घरच्या घरी ठरविता येत नाही, हे त्यांस समजावून सांगावे.

तिसरे, राहून गेलेली शोकसभा वा विधी सवडीने करावा. विलंबाने त्याचे मोल घटत नाही.

सहा महिने उलटूनही शोकाची तीव्रता न ओसरता नित्य व्यवहार अशक्य होत असतील, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आत्मघाताचे विचार आल्यास क्षणाचाही विलंब करू नये. शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. परंतु बहुतेक घरांस प्रथम हवा असतो तो ऐकणारा शेजारी.