तापलेला मदरबोर्ड: शून्य रुपयांपासून वीस हजारांपर्यंत

ओव्हरक्लॉक केलेला पीसी गेममध्ये अडखळायला लागला किंवा व्हिडिओचं रेंडर रेंगाळायला लागलं, की पहिली नजर वॉटर कूलरवर जाते. दुकानदारही तोच पुढे करतो. सात-आठ हजार जातात, प्रोसेसर गार होतो आणि अडखळणं मात्र तसंच राहतं, कधी वाढतंही. कारण तापलेला असतो तो मदरबोर्डचा वीजपुरवठ्याचा भाग, आणि त्याच्यावर वारा घालणारा जुना पंखाच आपण काढून टाकलेला असतो. यावरचे निम्म्याहून अधिक उपाय फुकट किंवा हजार रुपयांच्या आतले आहेत, म्हणून खर्च नेहमी खालून वर चढत करायचा.

खालचे भाव ढोबळ आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, तुमच्या गावातलं दुकान आणि ऑनलाइन यांत पाच-दहा टक्के इकडेतिकडे होणारच.

तापतं ते नेमकं काय?

एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हा उतार करून देणारे मॉसफेट आणि चोक सॉकेटला लागूनच, धातूच्या हीटसिंकखाली रांगेत बसलेले असतात. या भागाला व्हीआरएम म्हणतात. दीडशे वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरला १.३५ व्होल्टवर ११० अँपिअर प्रवाह लागतो आणि तो सगळा इथून जातो.

आता हिशेब बघा. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.४ वर नेला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं. वेग वाढला १० टक्के. पण विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे इथे सुमारे ३९ टक्के. मॉसफेटमधून प्रवाह वाहताना होणारी उष्णता तर दीडपट होते. बोर्ड तापतो तो वेगापेक्षा व्होल्टेजमुळे.

खर्च शून्य: आधी निदान

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी लावा. तीन आकडे बघायचे: प्रोसेसरचं तापमान, व्हीआरएम किंवा मॉस नावाचं तापमान आणि प्रोसेसरच्या क्लॉकचा वेग. प्रोसेसर ७० अंशांवर निवांत असताना वेग एकदम कोसळला, तर संशय व्हीआरएमवर घ्या. व्हीआरएम ९० अंशांपर्यंत असेल तर काळजी नको. शंभरच्या वर रेंगाळत असेल तर उपाय हवा. १२७ अंश किंवा शून्याखालचा आकडा दिसला तर घाबरू नका, तिथे बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो.

स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सर नसतोही. हजार-दीड हजारांचं इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडून उसनं मिळालं तर चालेल. मात्र चकचकीत धातूवर ते तापमान कमी दाखवतं. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

मग तीच चाचणी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून पुन्हा करा. व्हीआरएम आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेच्या वाटेत आहे, म्हणजे पंखे आणि धूळ. फरक पडलाच नाही तर दोष व्होल्टेजमध्ये किंवा हीटसिंकच्या बसण्यात. पुढचा खर्च कुठे करायचा ते या एका चाचणीवरून ठरतं.

खर्च शून्य: बायोस आणि जागा

बायोसमध्ये व्होल्टेज ‘ऑटो’वर असेल तर बोर्ड बहुतेकदा गरजेपेक्षा जास्तच देतो. ते हाताने ठरवा आणि ०.०२ व्होल्टच्या पायरीने खाली आणत प्रत्येक वेळी चाचणी घ्या. पीसी बंद पडला की एक-दोन पायऱ्या वर या. लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज घसरू न देणारी सेटिंग) सर्वांत वरच्या पातळीवर असेल तर एक पायरी उतरवा.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर बायोस अद्ययावत करणं सक्तीचंच समजा. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्याने यातले बरेच प्रोसेसर अस्थिर होत होते. त्यावर इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून दिला आणि बाधित बॉक्स प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस बदलताना पीसी यूपीएसवर असू द्या. मध्येच वीज गेली तर बोर्ड उठायचाच नाही.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं असेल तर आधी ते बाहेर काढा. आतली गरम हवाच पुन्हा आत जात असेल तर कितीही पंखे लावले तरी व्यर्थ. शिवाय खोलीचं तापमान जेवढं चढेल, साधारण तेवढंच बोर्डाचंही चढतं. डिसेंबरात नीट चाललेली सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात टिकेलच असं नाही. कसोटी उन्हाळ्यातच घ्या.

३०० ते १,००० रुपये: धूळ

दुकानात सफाईचे ५०० ते १,००० रुपये घेतात. घरी केली तर ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळून तीन-चारशेत भागतं. ब्लोअर विकत घ्यायचा तर हजारभर रुपये वेगळे. पीसी बंद करून वायर काढा आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं. व्हीआरएमच्या हीटसिंकच्या खाचांत धुळीचा वाकळीसारखा थर बसलेला असतो, तो ब्रशने सैल करून मगच हवा मारा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

४०० ते २,५०० रुपये: पंखे

१२० मिलिमीटरचा बरा पंखा ४०० ते १,२०० रुपयांना मिळतो. समोरून दोन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बहुतेकांना पुरतं. दिशा तपासायला अगरबत्ती पुरते. बाजूचं झाकण लावून पीसी चालू करा. समोरच्या जाळीशी धरलेला धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे तो बाहेर फेकला गेला पाहिजे. दोन्हीकडे बाहेर येत असेल तर पंखा उलटा बसलाय, म्हणजे पैसे नकोत, फक्त स्क्रू ड्रायव्हर हवा.

प्रोसेसरवर वॉटर कूलर असेल तर सॉकेटभोवती वारा उरत नाही. अशा वेळी ८० किंवा ९२ मिलिमीटरचा छोटा पंखा केबल टायने थेट व्हीआरएमच्या हीटसिंकवर रोखून बांधा. दिसायला ओबडधोबड, पण तीन-चारशे रुपयांत याहून मोठा फरक दुसरं काही पाडत नाही.

४०० ते १,५०० रुपये: थर्मल पॅड

हीटसिंक आणि मॉसफेट यांच्यामधला पॅड जुना झाला की कडक होतो, तेल सोडतो. बोर्ड उतरवून मागचे स्क्रू काढले की हीटसिंक सुटतो. जुन्या पॅडवर प्रत्येक मॉसफेटचा चौकोनी ठसा उमटलेला दिसला पाहिजे. एखाद्याचा ठसाच नसेल तर तो हीटसिंकला टेकत नव्हता. नवा पॅड त्याच जाडीचा घ्या. अर्धा, एक की दीड मिलिमीटर, हे मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जाड झाला तर हीटसिंक बसत नाही, पातळ झाला तर टेकत नाही. प्रोसेसरची पेस्ट इथे चालत नाही.

बोर्ड वॉरंटीत असेल तर हा उद्योग करू नका. हीटसिंक उघडल्याचं कारण पुढे करून सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं.

त्यापुढचा खर्च

टॉवर पद्धतीचा एअर कूलर १,८०० ते ४,००० रुपयांना येतो. त्याचा वारा थोडाफार व्हीआरएमलाही लागतो, म्हणून या दुखण्यावर तो सहा ते दहा हजारांच्या २४० मिलिमीटर वॉटर कूलरपेक्षा सरस ठरतो. समोर काच असलेलं गुदमरलेलं कॅबिनेट बदलून जाळीचं घ्यायचं तर ४,००० ते ८,००० धरा. मॉसफेट जळलाच असेल तर दुरुस्तीला दीड ते साडेतीन हजार लागतात. पण अशा बोर्डावर पुन्हा ओव्हरक्लॉक करू नये.

बोर्ड बदलण्याची वेळ येते ती बोर्ड मुळातच तोकडा असेल तेव्हा. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बोर्डावर १२ किंवा १६ कोरचा प्रोसेसर ताणला तर पंखे तरी किती पुरे पडणार? मजबूत व्हीआरएमचा बोर्ड तेरा हजारांपासून वीस हजारांच्या पुढे जातो. घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरिअल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची ते विचारा. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी यांच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. खऱ्या दोषाची दाद मात्र मिळायला हवी. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ओव्हरक्लॉक ठेवायचं की काढायचं?

६० वॅट जादा, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला सुमारे ११ युनिट. दहा रुपये दराने ११० रुपये, वर्षाला तेराशेच्या घरात. बोर्ड सावरायला आणखी तीन हजार लागणार असतील, तर आधी आठवडाभर पीसी कंपनीच्या मूळ सेटिंगवर चालवून बघा. गेममध्ये भार बहुतेकदा ग्राफिक्स कार्डावर असतो, त्यामुळे तिथे प्रोसेसरचे वाढीव १० टक्के सहसा जाणवत नाहीत. रेंडरवर पोट असलेल्यांना ते जाणवतात, त्यांनी खर्च जरूर करावा. बाकीच्यांनी ते तीन हजार ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवावेत.