गरीची काठी: घरच्या बांबूपासून घडण आणि सजावट

कोकणातील शेतकऱ्यास गरवणे नवीन नाही. पावसाळा ओसरला, भाताची कापणी-झोडणी आटोपली, की वहाळाच्या कोंडीवर गरी घेऊन बसलेली माणसे गावोगावी दिसतात. परंतु हातातील काठी बहुधा ऐन वेळी तोडलेली, ओली व वाकडी असते. ती एक हंगामही टिकत नाही. चिपळूण तालुक्यातील अलोरे व त्याच्या आसपासच्या गावांत परसात बांबूचे बेट आहे आणि वाशिष्ठी नदीही जवळ आहे. थोडे परिश्रम व पुष्कळ धीर असल्यास येथील कोणासही उत्तम काठी घरी घडविता येईल. नवशिक्याने कोणत्या क्रमाने काम करावे, हे या पाठात सांगितले आहे.

प्रस्तुत लेखकाची चूक

मी पहिली काठी भर श्रावणात तोडली. आठवड्याभरात तिच्यावर लाल-पिवळ्या धाग्याची नक्षी गुंडाळली व वर रोगण चढविले. काठी देखणी दिसे. दिवाळीपर्यंत तिच्या पेरांतून पिठासारखा भुसा गळू लागला आणि पहिल्या बऱ्यापैकी माशाने तिचे दोन तुकडे केले. दोष नक्षीचा नव्हता. बांबूची निवड, तोडणीचा काळ व वाळवण या तिन्ही गोष्टींत मी घाई केली होती. सबब सजावटीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

बांबूची निवड व तोडणी

कोकणातील माणगा ही जात या कामास फार चांगली. तिला काटे नसतात, काठी सरळ वाढते व बुंध्याकडे जवळजवळ भरीव असते. लहान मुलांच्या हलक्या काठीस बारीक चिवारीही चालते.

बांबू सुमारे तीन वर्षांचा असावा. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी व पेरांवर आवरणे असतात. जून बांबूची साल मळकट दिसते आणि त्यावर टिचकी मारल्यास खणखणीत नाद येतो. बुंध्याशी सुमारे एक इंच व शेंड्याशी पाव इंच जाडीची, नऊ फूट लांबीची काठी नवशिक्यास पुरे.

तोडणी कार्तिक ते माघ या काळात करावी. पावसाळ्यात बेट नवे कोंब काढीत असते. त्या वेळी तोडल्याने बेटाची हानी होते आणि ओल्या, पिष्टयुक्त बांबूस भुंगेरा लवकर लागतो. जमिनीलगतच्या पेराच्या किंचित वर तिरका नव्हे, तर सरळ काप घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. नदीकाठचे बेट एकदम उघडे करू नये. त्याची मुळे दरड धरून ठेवतात.

खासगी जमिनीतील बांबू 2017 सालच्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. वनजमिनीतील बांबूस मात्र ही मोकळीक नाही, हे कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस स्पष्ट सांगावे.

किडीपासून संरक्षण व वाळवण

फांद्या साफ केल्यावर काठ्या दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिने बांबूतील पिष्ट व साखर कमी होते. अधिक खात्रीसाठी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम टाकणखार व 200 ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवून त्यात काठी आठवडाभर बुडवावी. हे द्रावण मुले व गुरे यांच्यापासून दूर ठेवावे आणि नदीत किंवा विहिरीजवळ ओतू नये.

पुढे काठी सावलीत वाळवावी. शेंड्याकडून टांगून खाली वजन बांधल्यास ती सरळ राहते. दोन-तीन महिने तरी जाऊ द्यावेत. चुलीवरील माळ्याचा धूर मिळाल्यास फारच उत्तम. उन्हात टाकलेली काठी तडकते.

सरळ करणे व पारख

वाळलेल्या काठीचा बाक निखाऱ्यावर काढावा. ज्वाळेवर धरू नये. काठी सतत फिरवीत राहावे. साल चकाकू लागून तेलकट घाम सुटला, की तो फडक्याने पुसावा आणि गुडघ्यावर टेकवून हळूहळू दाब द्यावा. सरळ झालेला भाग ओल्या फडक्याने निववून मगच सोडावा. पेरे कानशीने फक्त गुळगुळीत करावीत. बाहेरची साल तासू नये, कारण बांबूचे बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून गेलेल्या बांबूच्या चिरफळ्या जोडून अमेरिकेतील कारागीर गळाच्या काठ्या बनवीत. तेही सालीकडचाच भाग राखीत.

आता बुंधा घट्ट धरून शेंड्यास अर्धा किलो वजन टांगावे. काठीने धनुष्यासारखी सलग कमान घेतली पाहिजे. एकाच पेराशी कोन पडल्यास ती काठी वेलास आधार म्हणून वापरावी.

बांधणी

बिनचरकीच्या काठीस दोर केवळ टोकाला बांधू नये. टोकाशी पक्का करून तो दोन-तीन ठिकाणी बांधीत मधल्या पेरापर्यंत आणावा. मग शेंडा मोडला तरी मासा व दोर हातचा जात नाही. चरकी बसवावयाची असल्यास पितळी किंवा न गंजणाऱ्या तारेच्या पाच-सहा कड्या घ्याव्यात. त्यांचे अंतर शेंड्याकडे क्रमाने कमी करीत जावे आणि कडीचे पाय कानशीने निमुळते करावेत, म्हणजे धागा त्यांवर सहज चढतो.

धागा गुंडाळताना त्याचे टोक काठीवर आडवे ठेवून त्यावरूनच पाच-सहा घट्ट वेढे द्यावेत. शेवटचे सहा वेढे राहिले, की वेगळ्या धाग्याचा एक फासा खाली ठेवून त्यावरून वेढे पुरे करावेत. मूळ धाग्याचे टोक फाशात ओवून फासा ओढावा. टोक वेढ्यांखाली दडते, गाठ उरत नाही. मुठीस सुती दोरी याच रीतीने गुंडाळावी.

सजावट

मुठीच्या वर चौकटीची नक्षी शोभते. काठीच्या वरच्या व खालच्या अंगावर समान अंतरावर खुणा कराव्यात. दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी तिरके न्यावेत, म्हणजे खुणांवर फुल्या पडतात. प्रत्येक फेरीत शेजारी नवा रंग लावीत गेल्यास फुलीची बर्फी होते. दोनतीन रंग पुरेत.

रोगणाने धागा काळवंडतो. तो टाळण्यासाठी प्रथम पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्यावा, तो वाळल्यावर पाणी सोसणाऱ्या रोगणाचे तीन पातळ हात द्यावेत. चपडा लाखेची पॉलिश पाण्याने पांढरी पडते, म्हणून ती एकटी वापरू नये. होड्यांस लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल टिकाऊ खरे, परंतु कच्चे तेल कातडीवर उतते. ते मुठीस लावू नये.

गरवताना घ्यावयाची खबरदारी

कोयना प्रकल्पातील वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीत येते. त्यामुळे आकाश निरभ्र असतानाही पात्रातील पाणी वाढू शकते. पात्राच्या मध्यातील खडकावर बसू नये. भोंगा ऐकू येताच किंवा पाणी चढताना दिसताच काठ गाठावा. या परिसरात विजेच्या वाहिन्या पुष्कळ आहेत. ओली काठी व ओला दोर वीज वाहून नेतात. तारांखाली काठी उभी करू नये, आणि वीज कडाडत असता गरवणे तात्काळ थांबवावे.

धरणाच्या जलाशयात गरवण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यास वर येतात. त्यांस जाऊ द्यावे. सुरुंग व विष यांनी मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. गरीस एका वेळी एकच मासा लागतो आणि लहान असल्यास तो जिवंत सोडता येतो, हा तिचा मोठा गुण होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कार्तिकात प्रत्येक गावी चार-पाच होतकरू तरुणांकडून दोन-दोन काठ्या तोडवून वाळत घालाव्यात. एक बिघडली तरी दुसरी हाती राहील. काठ्या फाल्गुनात बांधणीस तयार होतील.