निष्कर्ष खरा, मग तर्क चूक कसा?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करताना हे उदाहरण आले : ‘सर्व वाघ सस्तन आहेत. काही मांसाहारी प्राणी सस्तन आहेत. म्हणून काही मांसाहारी प्राणी वाघ आहेत.’ तिन्ही विधाने खरी आहेत. तरी पुस्तक म्हणते, ‘निष्कर्ष निघत नाही.’ असे का?

उत्तर : पुस्तकाचे बरोबर आहे. ‘वाघ’ खोडून तिथे ‘गायी’ लिहून बघा. सर्व गायी सस्तन आहेत, काही मांसाहारी प्राणी सस्तन आहेत, म्हणून काही मांसाहारी प्राणी गायी आहेत! साचा तोच, दोन्ही आधारविधाने खरी आणि निष्कर्ष मात्र धडधडीत खोटा. जो साचा एकदा जरी असा दगा देऊ शकतो, तो अवैध. वाघांच्या बाबतीत निष्कर्ष खरा निघाला, तो योगायोगाने.

गोम ‘सस्तन’ या मध्यपदात आहे. बाकीच्या दोन पदांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. पण पहिले विधान सगळ्या वाघांविषयी बोलते, सगळ्या सस्तनांविषयी नाही. दुसरेही काही सस्तनांपुरतेच आहे. हे दोन गट एकमेकांत मिसळतात की नाही, हे कुठेच सांगितलेले नाही. म्हणून नियम असा, की निदान एका विधानात मध्यपद पूर्ण व्याप्त हवे, म्हणजे ते विधान त्या पदाच्या सगळ्या गटाविषयी बोलणारे हवे. अशा तर्कांची मूळ मांडणी अ‍ॅरिस्टॉटलची, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली. तिन्ही विधानांचे प्रत्येकी चार प्रकार आणि मध्यपदाच्या जागेवरून पडणाऱ्या चार आकृती मिळून २५६ साचे होतात. आधुनिक तर्कशास्त्र त्यांतले फक्त १५ वैध मानते.

आपल्या नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीही, ही चूक पकडली होती. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ त्यांना मान्य. पण ‘डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर असणारच’ असे कोणी म्हटले, की ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात : अग्नी आहे, धूर नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ कारणही सांगतो : धुराला ओले सरपण लागते.

एक मात्र जपा. तर्क अवैध ठरला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तो फक्त सिद्ध झालेला नसतो. समोरच्याचा युक्तिवाद पाडला म्हणजे त्याचे म्हणणेच खोटे पाडले असे समजणे, हाही तर्कदोषच.