विषाणू-वाहक आणि खबर देणारे जनुक : औषध कोठे पोहोचले हे पाहण्याची विद्या

औषधयोजनेत वाहनाचे महत्त्व वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. मधास आपण योगवाही म्हणतो; अनुपान बदलले की त्याच द्रव्याचे कार्य बदलते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. मात्र दिलेले औषध शरीरात नेमके कोठवर गेले, हे आपण लक्षणांवरून अनुमानाने जाणतो. आधुनिक वैद्यकातील जनुकोपचारात, म्हणजे जीन थेरपीत, हाच प्रश्न फार तीव्र झालेला आहे. कारण तेथे एकदा दिलेले औषध परत घेता येत नाही. त्या प्रश्नाचा आणि त्यावर शास्त्रज्ञांनी योजलेल्या एका युक्तीचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. दोन शास्त्रांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. मधाची उपमा येथेच संपते.

पेशीत शिरून आपली जनुके तेथे सोडणे हे विषाणूचे स्वाभाविक कर्म होय. त्याच्यातील रोगकारक जनुके काढून त्या जागी उपयुक्त जनुक बसविले की तो वाहक होतो. यालाच व्हायरल व्हेक्टर म्हणतात. ही गोष्ट आपणास वाटते तितकी परकी नाही. २०२१ साली आपल्यापैकी बहुतेकांनी दंडावर घेतलेली कोविशील्ड ही लस अशाच वाहकावर आधारलेली होती. चिंपांझीत आढळणाऱ्या अ‍ॅडिनोव्हायरसची वाढण्याची शक्ती काढून त्यात कोरोना विषाणूच्या एका प्रथिनाचे जनुक बसविलेले होते, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तिचे उत्पादन झाले. अर्ध्या मिलिलिटरच्या एका मात्रेत सुमारे ५,००० कोटी विषाणुकण असत. ती लस होती, जनुकोपचार नव्हे. तिचे काम प्रतिकारशक्तीस ओळख करून देण्यापुरते होते. जनुकोपचारात नवे जनुक दीर्घकाळ कार्यरत राहावे लागते आणि मात्राही कितीतरी मोठी लागते.

मात्रेचा हा प्रश्न किती गंभीर आहे हे अमेरिकेतील एका घटनेने जगास दाखविले. जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण यकृतातील एका विकराच्या अभावाने पीडित होता. त्यामुळे रक्तात अमोनिया साठे. आजार सौम्य स्वरूपाचा होता व पथ्य आणि औषधे यांवर तो बरा चालत होता. १३ सप्टेंबर १९९९ रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात त्याच्या यकृताच्या रोहिणीतून अ‍ॅडिनोव्हायरस वाहक देण्यात आला. एकूण मात्रा सुमारे ३८ लाख कोटी कणांची होती. चौथ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, सर्व शरीरात उसळलेल्या दाहाने आणि एकामागून एक अवयव निकामी होऊन त्याचा मृत्यू झाला. वाहक यकृतासाठी दिलेला होता. मरणोत्तर तपासणीत तो प्लीहा, लसीकाग्रंथी, अस्थिमज्जा अशा अनेक ठिकाणी आढळला. आमच्या मते या घटनेतील ध्यानात ठेवण्याजोगा भाग हाच आहे. वाहक कोठे गेला हे कळले, पण शवविच्छेदनानंतर कळले.

जिवंत रुग्णात हे पाहता यावे म्हणून रिपोर्टर जीन, अर्थात खबर देणारे जनुक, उपयोगात आणतात. उपचाराच्या जनुकासोबत वाहकात आणखी एक जनुक घालावयाचे. ते पेशीत कार्यरत झाले की असे एखादे प्रथिन तयार होते, ज्याची खूण बाहेरून टिपता येते. प्रयोगशाळेत यासाठी काजव्यातील ल्युसिफरेज हे विकर आणि एका जेलीफिशमधील हिरवे चमकणारे प्रथिन वापरतात. या प्रथिनावरील कार्यास २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदराच्या शरीरातून हा प्रकाश बाहेर येतो. मनुष्याच्या जाड मांसातून तो येत नाही. मनुष्यासाठी निराळा मार्ग शोधावा लागला.

तो मार्ग औषधविक्रेत्या बंधूंच्या परिचयाच्या एका औषधातून समजतो. नागिणीसाठी किंवा तापानंतर ओठावर उठणाऱ्या फोडांसाठी आपण असायक्लोव्हिर देतो. निरोगी पेशीत हे औषध जवळजवळ निष्क्रिय राहते. हर्पिस गटाच्या विषाणूजवळ थायमिडीन कायनेज नावाचे स्वतःचे विकर असते. ते या औषधास फॉस्फेट जोडते आणि मग औषध कार्य करू लागते. मानवी पेशीतील त्याच नावाचे विकर हे काम सहसा करीत नाही. शास्त्रज्ञांनी हर्पिस विषाणूतील हे एकच जनुक उचलले व वाहकात बसविले. नंतर याच औषधकुळातील एफएचबीजी नावाचे द्रव्य, किरणोत्सारी फ्लोरिन जोडून, सूक्ष्म मात्रेत शिरेतून देतात. ज्या पेशीत जनुक पोहोचले तेथे त्यास फॉस्फेट जोडले जाते, फॉस्फेट जडल्यावर त्यास पेशीबाहेर पडता येत नाही, आणि पेट स्कॅनमध्ये ती जागा उजळून दिसते. विशेष हे की त्याच पेशींना पुढे गॅन्सिक्लोव्हिर दिले तर त्या मरतात. खबर देणारा आणि मारणारा असे दोन्ही गुण एका जनुकात आहेत. कर्करोगात याचाच उपयोग करू पाहतात.

रुग्णांमध्ये याचा अनुभव काय? २००५ साली स्पेनमधील वैद्यांनी यकृताच्या कर्करोगात अ‍ॅडिनोव्हायरसमार्फत हे जनुक गाठीत टोचले व पेट स्कॅन केले. मोठी मात्रा मिळालेल्या रुग्णांच्या गाठीत जनुकाचे कार्य स्पष्ट दिसले. पण नऊ दिवसांनी स्कॅन पुन्हा केला तेव्हा ते दिसेनासे झाले होते. ही माहिती निराशाजनक असली तरी तिचे मूल्य मोठे आहे; एरवी गाठ कमी का होत नाही याचे कारण शोधण्यात महिने गेले असते. पुढे २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संजीव गंभीर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांत, कर्करोगाशी लढण्यासाठी बदललेल्या पांढऱ्या पेशी कोठे जमतात हे याच रीतीने दाखविले. गंभीर यांचा जन्म अंबाल्याचा. या विषयाच्या पायाभरणीत त्यांचे नाव अग्रभागी आहे. २०२० साली त्यांचे निधन झाले.

दुसरे जनुक अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे. रक्तातील आयोडीन आत ओढून घेणारे प्रथिन या ग्रंथीच्या पेशींत असते. म्हणूनच थायरॉइड स्कॅन शक्य होतो. हेच जनुक मेयो क्लिनिकमध्ये गोवराच्या लसीतील विषाणूत बसविण्यात आले आणि अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगात देण्यात आले. २०१४ च्या अहवालात दोन रुग्णांचे वर्णन आहे. एका स्त्रीच्या गाठी विरल्या, आणि विषाणू गाठींतच वाढत असल्याचे आयोडीनच्या स्कॅनने दिसले. हे प्रथिन मानवीच असल्याने शरीर त्यास परके मानीत नाही, हा लाभ. जठर आणि लालाग्रंथी यांतही ते मुळातच असल्याने त्या जागाही उजळतात, ही अडचण.

तरीही बाजारात आलेल्या जनुकोपचारांत असे खबर देणारे जनुक सहसा घातलेले नसते. आज सर्वाधिक वापरात असलेला एएव्ही हा वाहक फारच लहान आहे. त्यात जेमतेम उपचाराचे जनुक मावते. रक्तस्रावाच्या विकारात रक्तातील घटकाची पातळी मोजली की काम भागते. स्नायू किंवा मज्जारज्जूच्या विकारात तशी सोय नाही. तेथे रुग्णाची हालचाल पाहावी, यकृताची विकरे मोजावी आणि वाट पाहावी, एवढेच हाती राहते.

यकृताचा हा उल्लेख आम्ही हेतुपूर्वक करीत आहोत. २०२१ साली मुंबई-पुण्यातील बालकांसाठी लोकवर्गणीतून आणलेले १६ कोटी रुपयांचे इंजेक्शन वाचकांना आठवत असेल. झोल्गेन्स्मा नावाचे ते औषध एएव्ही वाहकातूनच देतात, आणि त्याची मात्रा बालकाच्या दर किलो वजनास १ कोटी १० लाख कोटी कण इतकी असते. यकृतास गंभीर इजा होऊ शकते अशी ठळक सूचना त्यावर आहे. म्हणून आदल्या दिवसापासून किमान महिनाभर प्रेडनिसोलोन देतात व पुढे ते क्रमाने उतरवितात. २०२५ साली स्नायुक्षयाच्या दुसऱ्या एका जनुकोपचारानंतर अमेरिकेत दोन किशोरवयीन मुले यकृत निकामी होऊन दगावली. आपल्या देशातही हे क्षेत्र वाढत आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर लेंटिव्हायरस वाहकाने बदलून परत देतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याच जातीच्या वाहकाने पाच हिमोफिलिया रुग्णांवर केलेल्या उपचाराचा अहवाल २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

असा रुग्ण आपल्या चिकित्सालयात येणारच नाही असे समजू नये. मुलास शक्ती यावी म्हणून आईवडील रसायन मागतात, आणि आधीच्या उपचाराबद्दल विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अशा वेळी तीन गोष्टींकडे लक्ष असावे. प्रेडनिसोलोन चालू असता यष्टिमधु देऊ नये. तिच्यामुळे त्या औषधाचा प्रभाव वाढतो व रक्तातील पोटॅशियम उतरते. कासाच्या अनेक तयार कल्पांत यष्टिमधु असते, तेव्हा औषधविक्रेत्यांनी वेष्टनावरील घटक वाचूनच बाटली द्यावी. दुसरे, ज्या काळात प्रतिकारशक्ती हेतुतः दाबून ठेवलेली आहे, त्या काळात तिला उत्तेजन देणारी द्रव्ये योजू नयेत. गुळवेलीविषयी २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी यकृतविकाराचे अहवाल दिले आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद कसाही सुटो, येथे प्रश्न गुळवेल निर्दोष आहे की नाही एवढाच नाही. अशा रुग्णाची यकृतविकरे वाढली, तर वाहकाविरुद्ध शरीराने उठाव केला काय, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तत्काळ ठरवावे लागते. त्याच आठवड्यात आपण चूर्ण किंवा भस्म सुरू केलेले असेल तर कारण कोणते हे कोणासच सांगता येणार नाही, आणि स्टेरॉइड वाढविण्याचा निर्णय लांबेल. तिसरे, जे काही देणे आवश्यक वाटेल ते त्या डॉक्टरांस चिठ्ठीने कळवून, घटकांच्या नावांसह, आणि यकृताच्या तपासण्या स्थिर झाल्यावरच द्यावे.