हाती उरलेली विद्या

घोटी, जि. नाशिक
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळ यास,

तुझे पत्र परवा पावले आणि त्याच्या मागोमाग तुझ्या आईचा फोनही आला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील तुमचा कारखाना बंद पडला, भागीदाराने फारकत घेतली, ज्या कंपनीचे काम तुम्ही करीत होता तिच्याकडील येणे मुदत टळून गेली तरी वसूल होईना, आणि बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्यास दारात उभा राहतो, ही सारी हकीकत तू ज्या संयमाने लिहिली आहेस त्याचे मला कौतुक वाटले. परंतु पत्राच्या अखेरीस, चार वर्षे पाण्यात गेली, आता जन्मात लेथला हात लावणार नाही, कुठेतरी दुकानात हिशेब लिहीत बसेन, असे जे तू लिहिले आहेस, तेथे मी थांबलो. कर्जाचे आणि वसुलीचे पुढे पाहू. आधी त्या चार वर्षांविषयी बोलले पाहिजे.

घोटीहून नाशिकला जाताना, पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. तुझ्या शाळेची सहल तेथे गेली होती आणि तू मला कारंज्यांचे वर्णन करून सांगितले होतेस. दादासाहेब आपल्याच मुलखातले. वैतरणेच्या बाजूने गेले की घोटीहून त्र्यंबकेश्वर फार दूर नाही, आणि तेथे ३० एप्रिल १८७० रोजी एका शास्त्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव आज पुरस्कारामुळे सर्वतोमुखी आहे. पण हा मनुष्य चाळिशी ओलांडून गेला तेव्हा त्याच्या पदरी काय होते, हे विचारण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. ते तू विचारावेस असे मला वाटते, कारण तू अजून तिशीतही नाहीस.

१८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे आणि छपाईच्या रसायनांचे ज्ञान संपादन केले. गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसाय थाटला, तो प्लेगच्या साथीने धुळीस मिळविला. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. काही काळाने पुरातत्त्व खात्यात नक्शानवीस आणि छायाचित्रकार म्हणून सरकारी चाकरी लाभली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत तिच्यावरही त्यांनी पाणी सोडले. मग लोणावळ्यास छापखाना काढला, तीन रंगांच्या छपाईची विद्या शिकण्यासाठी १९०९ साली थेट जर्मनी गाठली, छापखान्याचा लौकिक वाढविला, आणि लौकिक वाढतो आहे तोच भागीदारांशी बेबनाव होऊन तो छापखानाही सोडून दिला. बाळ, त्या दिवशी एखाद्या व्यवहारदक्ष कारकुनाने त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला असता, तर त्याने एकामागून एक खाते तोट्यात दाखविले असते, आणि त्याचा हिशेब आकड्यांपुरता बिनचूक ठरला असता.

त्यानंतर थोड्याच अवधीत, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. आता विचार कर की चित्रपट काढण्यास त्या काळी काय काय लागत होते. कॅमेऱ्याची जाण लागे, ती गोध्र्याने दिली होती. फिल्म धुण्याचे रसायन लागे, ते बडोद्याने आणि छापखान्याने शिकविले होते. राजवाड्यांचे पडदे रंगवावे लागत, त्यासाठी जे. जे. होते, प्राचीन वास्तू आणि मूर्तींची बारीक ओळख पुरातत्त्व खात्याच्या चाकरीत झाली होती, मधल्या काळात हौसेने आत्मसात केलेली जादूगिरीदेखील, देव अंतर्धान पावण्याच्या दृश्यांकरिता, कामास आली. एकेक उद्योग बुडताना प्रत्येकाने आपली विद्या त्यांच्या हातात ठेवली होती, आणि ती जप्त करण्याचा अधिकार कोणत्याही सावकारास नव्हता. तुझ्या हाताला पोलादाचा पोत कळतो, हजारांश इंचाची चूक तुला कातलेल्या तुकड्यावरून बोट फिरविताच जाणवते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ते त्या चार वर्षांनीच दिले. मग ती पाण्यात गेली कशी?

विद्या आहे म्हणून पैका आपोआप चालून येत नाही, हेही त्याच चरित्रात आहे. दिवसरात्र चित्रपट पाहून आणि प्रयोग करून फाळक्यांची दृष्टी अधू झाली आणि काही काळ काळोखातच गेला. डोळे सावरल्यावर विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. एवढे करूनही भांडवल द्यावयास कोणी धजेना. तेव्हा त्यांनी जे केले ते मला त्यांनी पुढे काढलेल्या हरिश्चंद्राच्या चित्रपटाहूनही मोलाचे वाटते. एका कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि अंकुर मातीबाहेर येऊन त्याचा वेल होईपर्यंत, दिवसामागून दिवस, तो त्याच जागी ठेवून एकेक चित्र घेतले. ती सारी चित्रे सलग फिरविली तेव्हा जेमतेम मिनिटभरात बीजाचा वेल होताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ हा त्यांचा पहिला चित्रपट. ज्यांनी शब्दांवर विश्वास ठेवला नाही त्यांनी डोळ्यांवर ठेवला आणि कर्जाची तजवीज झाली. मोठ्या संकल्पासाठी लोकांच्या पायऱ्या झिजवीत राहणे आणि त्या संकल्पाचा लहानसा, पण निर्विवाद पुरावा स्वतःच्या हाताने तयार करणे, यांत दुसऱ्या मार्गाला अधिक धीर लागतो. कारण तेथे रोज काम असते आणि टाळी कोणीच वाजवीत नाही.

त्या घरातील दुसऱ्या माणसाचे नावही तू लक्षात ठेव. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे सर्वच सांगतात. परंतु दागिने एकदा देऊन होतात. त्या काळी कोरी फिल्म कडेची भोके न पाडलेली मिळे, ती अंधारात बसून हाताने पाडावी लागत. हे काम बाईंनी केले, फिल्म धुण्याचे काम केले, आणि नटांपासून कामगारांपर्यंत साऱ्या लोकांचा स्वयंपाक केला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा जाहिरातीत त्यांचे नाव असण्याचा संभव नव्हता, पण तो चित्रपट त्यांचाही होता. तुझी आई मला म्हणाली की तू घरात कोणाशी बोलत नाहीस आणि जेवणाचे ताटही खोलीत मागवतोस. बाळ, संकटात आप्तांना दूर ठेवणे यास आपण स्वाभिमान म्हणतो, परंतु त्याने फक्त मदतीचे हात कमी होतात. आईला वही दाखव. पाटल्या मागू नकोस, आकडे दाखव.

फाळक्यांच्या पुढल्या आयुष्याविषयीही मी तुझ्यापासून काही लपविणार नाही, कारण अर्धे चरित्र सांगून उपदेश करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि पुन्हा भागीदारांशी खटके उडाले. सारे सोडून ते काशीस जाऊन राहिले, काही काळाने परत आले. बोलपटांचे युग आले आणि त्यांचे दिवस सरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे देह ठेवताना त्यांच्याजवळ संपत्ती अशी नव्हती. तेव्हा श्रमाचे फळ पैशाच्या रूपाने मिळतेच असे मी तुला सांगत नाही. माझ्या मते त्यांच्या कर्तृत्वाची बाजू जितकी भक्कम होती तितकीच भागीदारीच्या लिखापढीची बाजू कच्ची राहिली, आणि त्याच ठिकाणी ते दोनदा दुखावले गेले. चिकाटी असावी, पण तिने डोळे उघडे ठेवून ज्या जागी पाय घसरला ती जागा आधी पाहावी.

येथे सध्या आवणीची धांदल आहे. मागील आठवड्याच्या मुसळधार पावसात आपल्या पलीकडच्या खाचराचा बांध फुटला आणि नुकतीच लावलेली रोपे ओहोळाला गेली. त्या खाचराचा शेतकरी दुसऱ्या दिवशी डोक्यावर इरले घेऊन आला. पण राबात शिल्लक असलेल्या रोपांना त्याने हात लावला नाही. आधी दिवसभर दगड रचून, चिखल थापून बांध धरला, पाणी ठरते आहे अशी खात्री केली, आणि मग बायकामाणसांना बोलावून आवणी पुन्हा केली. तुझ्या बाबतीत तो बांध म्हणजे कागदपत्र. म्हणून आता व्यवहाराचे लिहितो.

त्या कंपनीकडे अडकलेल्या पैशावर पाणी सोडू नकोस. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान उद्योगाच्या मालाचे पैसे, कराराने कितीही मुदत लिहिली असली तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे; त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते, आणि याची दाद मागण्यासाठी सुकरता परिषद नेमलेली आहे. तुमच्या कारखान्याची उद्यम नोंदणी तू आरंभीच करून ठेवली होतीस, ती आता उपयोगी पडेल. बिले, डिलिव्हरी चलन आणि माल पोहोचल्याच्या सह्या तारखेवारीने लाव. भागीदारीच्या विसर्जनाचा दस्त लेखी करून घे, आणि कोणते कर्ज कोणाच्या नावे राहिले याची बँकेशी रुजवात घाल. हप्त्यांची मुदत वाढवून मागण्यास संकोच करू नकोस. हप्ता चुकण्यापूर्वी जो भेटतो त्याचे बँकेत ऐकून घेतात.

लेथ दोन आहेत, त्यांतला जुना विकून हप्त्याचा भार हलका कर, नवा ठेव. सहा महिने दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी कर, पण यंत्रावरची कर, हिशेबाच्या मेजावरची नको. आणि संध्याकाळी स्वतःच्या लेथवर एकच वस्तू अशी बनव, की जी पाहून गिऱ्हाइकाने तुझी मागची चार वर्षे विचारू नयेत. इकडे भाताच्या गिरण्यांना लागणारे सुटे भाग नाशिकहून येईपर्यंत दोन दोन दिवस गिरणी बंद पडते, हे घोटीतला कोणताही गिरणीवाला तुला सांगेल.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये. जमाखर्चाची वही, बिलांची फाइल आणि भागीदारीचा मूळ दस्त बरोबर आण. दुपारी आपण दोघे बसून येणे-देणे मांडू, आणि रविवारी तुला दोन गिरण्यांत घेऊन जातो. मायक्रोमीटर विसरू नकोस.

तुझा,
मामा