मरणानंतरचे डोळे : थंडावा हवा, वारा नको

घरात कुणी वारले की माणसे जमतात, पत्र्याखाली उकाडा वाढतो आणि कुणीतरी पंखा मृतदेहाकडे वळवते. हेतू चांगला असतो, पण डोळ्यांना हा वारा घातक ठरतो.

जिवंतपणी पापण्या लवतात आणि अश्रूंनी डोळा ओला राहतो. मृत्यूनंतर दोन्ही थांबते. डोळ्यातील दाब उतरून तो मऊ पडतो. बुबुळावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, हळूहळू गढूळ होतो. या पडद्याच्या आतल्या थरातील पेशी त्याला स्वच्छ ठेवतात. उष्णतेत त्या लवकर मरतात, थंडीत जास्त वेळ टिकतात. म्हणून उन्हाळ्यात डोळे लवकर खराब होतात, हिवाळ्यात उशिरा. नुसत्या डोळ्यांवरून मृत्यूची नेमकी वेळ सांगता येत नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

पापण्या उघड्या राहिल्या, तर उघड्या पांढऱ्या भागावर काही तासांत तपकिरी-काळा पट्टा उमटतो. ती करणी नव्हे, विषाची खूणही नव्हे. तो भाग फक्त वाळलेला असतो. उघडे डोळे म्हणजे अपुरी इच्छा, हाही गैरसमजच. स्नायू सैल पडल्यामुळे पापण्या अर्धवट उघड्या राहतात.

हे समजले तर नेत्रदान साधते. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. उन्हाळ्यात जितके लवकर तितके चांगले. तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे :

• पापण्या हलकेच मिटवाव्यात.
• पंखा बंद करावा.
• पापण्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवावा.
• डोक्याखाली उशी द्यावी.
• बर्फ मिळाल्यास पिशवीत घालून, कापडात गुंडाळून कपाळावर ठेवावा.
• नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा.

नेत्रपेढीचे पथक घरी येते. काम थोड्या वेळात होते, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन आड येत नाही. मृताने आधी फॉर्म भरला नसला, तरी जवळच्या नातेवाइकांची संमती चालते.

म्हणून घरात आजच बोलून ठेवा. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर भिंतीवर लिहा. एका माणसाच्या डोळ्यांनी दोघांना दिसू शकते. तेवढ्यासाठी पहिल्या तासात पंख्याचे बटण बंद करणारा हात मात्र घरातलाच हवा.