डोळ्यातल्या रक्ताचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीला नेत्ररुग्णालयात घेऊन जाण्याचा प्रसंग आला. तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि अलीकडे पोथीतली अक्षरे मधूनच पुसट होऊ लागली होती. डॉक्टर कानडीतून सांगत होते, मी आजीला मराठीतून सांगत होतो. हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचायचा आणि लगेच डोळ्याचे फोटो काढायचे, एवढीच ती तपासणी. "सुई हाताला आणि फोटो डोळ्याचा, हे कसं रे?" असे आजीने विचारले, आणि मी निरुत्तर झालो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे वाचक म्हणतील. परंतु उत्तर शोधता शोधता मी अखेर आमच्याच हिशेबाच्या वहीपाशी येऊन पोहोचलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या शरीरातील रक्तवाहिन्या कातडीखाली झाकलेल्या असतात. डोळ्याच्या मागच्या बाजूस असलेला दृष्टिपटल, ज्याला व्यवहारात आपण पडदा म्हणतो, तो याला एक अपवाद. बाहुलीतून आत पाहिले की तेथील रोहिणी व नीला उघड दिसतात. पण वाहिनी दिसली म्हणजे तिच्यातील प्रवाह दिसला असे नव्हे. रस्ता दिसतो, रहदारी दिसत नाही. त्यासाठी रंग हवा.

हा रंग म्हणजे फ्लुओरेसिन. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी तो प्रथम तयार केला. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की तो हिरवट पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणून कॅमेऱ्यात दोन गाळण्या बसवतात. पहिली डोळ्यात फक्त निळा प्रकाश जाऊ देते; दुसरी परत येणारा निळा प्रकाश अडवून पिवळा तेवढा आत घेते. मग फोटोत रंग असेल तेवढीच जागा उजळते.

ही युक्ती १९५९ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस या दोघांनी माणसावर यशस्वी केली. दोघेही तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि पहिला डोळा खुद्द आल्विसचा होता. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत केला. अखेर रक्ताभिसरणाला वाहिलेल्या 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात तो १९६१ साली छापून आला.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. हाताच्या शिरेतला रंग हृदयाच्या उजव्या बाजूस जातो, तेथून फुप्फुसांत, पुन्हा हृदयाच्या डाव्या बाजूस, आणि मग डोळ्याकडे. या साऱ्या प्रवासाला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. आधी मागचा रंजितपटल उजळतो, सुमारे एका सेकंदाने दृष्टिपटलाच्या रोहिणी, नंतर केशवाहिन्या, आणि शेवटी नीला. नीलेत रंग आधी दोन्ही कडांनी वाहताना दिसतो, मग ती पूर्ण भरते.

खरी गंमत मोजमापात आहे. एखाद्या वखारीत सरासरी ५०० पोती साठा असेल आणि रोज १०० पोती बाहेर जात असतील, तर एक पोते सरासरी ५ दिवस राहते. साठा भागिले रोजची विक्री, हे आपण उलाढालीच्या प्रकरणात शिकतोच. डोळ्यातही तेच सूत्र. वाहिन्यांतील रक्ताचा साठा भागिले प्रवाह म्हणजे रक्ताचा सरासरी मुक्काम. हिकॅम आणि फ्रेझर यांनी १९६५ साली एकामागून एक फोटो घेऊन रोहिणीत आणि नीलेत रंगाची तीव्रता कशी चढते व उतरते ते मोजले. दोन्हींतील सरासरी वेळांचे अंतर, म्हणजेच हा मुक्काम, निरोगी माणसात सुमारे ४ ते ५ सेकंद भरतो.

पण येथे एक फसगत आहे. मुक्काम ५ वरून १० दिवसांवर गेला तर विक्री निम्मी झाली म्हणावे, की साठा दुप्पट झाला म्हणावे? ५० पोती विक्री आणि ५०० साठा असला तरी उत्तर १०, आणि १०० विक्री व १००० साठा असला तरी १०. म्हणून केवळ वेळेवरून प्रवाह सांगता येत नाही. फोटोवरून वाहिन्यांची रुंदी मोजून, तिच्या वर्गावरून साठ्याचा अंदाज घ्यावा लागतो. तोही तुलनेपुरताच. प्रवाह वाढला की घटला ते कळते, मिलिलिटरचा आकडा मिळत नाही.

दुसरी अट अशी की आत आलेला माल नोंदीच्या दारानेच बाहेर जावा. निरोगी दृष्टिपटलाच्या वाहिन्या रंग बाहेर सांडू देत नाहीत. मधुमेहात मात्र केशवाहिन्यांच्या भिंती कमजोर होऊन रंग झिरपतो. काही वाहिन्या बंद पडतात, काही नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. तेव्हा हिशेबाचा ताळा जमत नाही. पण डॉक्टरांना पाहायचा असतो तो हा न जमणारा ताळाच! रोजच्या तपासणीत ते सहसा प्रवाहाचे गणित करीत बसत नाहीत; कोठे गळती आहे आणि कोठे अंधार आहे, ते पाहतात. अलीकडे ओसीटी अँजिओग्राफीने रंगाशिवायही वाहिन्या दिसतात. परंतु झिरपणे पाहायचे तर अजूनही रंगच लागतो.

रंगाने थोडा वेळ मळमळते, कातडी पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते. क्वचित तीव्र ॲलर्जीही होते, म्हणून दमा वा ॲलर्जी असल्यास आधी सांगावे.

आजीच्या उजव्या डोळ्यात पीतबिंदूजवळ गळती निघाली. उपचार सुरू आहेत. "दिसायला लागत होतं तेव्हाच आला असता, तर बरं झालं असतं," असे डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य आजीला मराठीत सांगताना मला जड गेले. आपण दुकानाची हिशेबतपासणी दरवर्षी करतो, तोटा दिसेपर्यंत थांबत नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर डोळ्यांचीही तशीच दरवर्षी करावी, दिसत असताना करावी.